पंधरा लिटरचा गीझर, दोन हिवाळ्यांनंतर: टाकी चांगली, दिवा भिकार

टाकी उत्तम, तापवतो उत्तम, कंपनीची सर्व्हिस न बोललेली बरी. आणि ते दोन दिवे ज्याच्या डोक्यातून निघाले त्याला कोपरापासून नमस्कार. घाईत असाल तर एवढंच वाचून सोडा. बाकीचं ज्यांचा गीझर आज सकाळी थंड पडलाय त्यांच्यासाठी.

यंत्र नेहमीचंच: १५ लिटर, २००० वॅट, आतून काचेचं अस्तर, ८ बार दाब सोसणारा, उभा. घर इंदूरला, राजेंद्रनगरात. पाणी दोन तऱ्हेचं. जलूदहून येणारं नर्मदेचं, आणि ते पुरलं नाही की बोरिंगचं. दोन्ही गच्चीवरच्या एकाच टाकीत जातं आणि तिथून गीझरमध्ये उतरतं.

पहिले दोन हिवाळे नावं ठेवायला जागा नव्हती. थंडीत नळाचं पाणी १८ अंश धरा. १५ लिटर ५८ अंशांवर न्यायला ०.७ युनिट लागतं, म्हणजे २००० वॅटला एकवीस मिनिटं. घड्याळ लावून पाहिलं, जवळपास तेवढाच वेळ लागायचा. रात्री तापवलेलं पाणी सकाळी कोमट तरी असायचंच. त्यामुळे माझं मत इतकं चांगलं होतं की शेजारच्या काकांनाही हाच घ्यायला लावला.

मग ऐन जानेवारीत एका सकाळी मुलगा बाथरूममधून ओरडला. एमसीबी वर, हिरवा दिवा लागलेला, पाणी मात्र बर्फ. आईने लगेच संधी साधली, "रामबागेतल्या घरच्या बंबाला कधी मिस्त्री बोलवावा लागला का रे?" उत्तर नव्हतं.

आता त्या दिव्यांबद्दल. हिरवा म्हणजे वीज आलीय, लाल म्हणजे तापतंय. पाणी तापलं की थर्मोस्टॅट लाल विझवतो, हिरवा राहतो. इथवर ठीक. पण आतला सुरक्षा कटआउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा स्विच, उडाला तरीही लाल विझतो आणि हिरवा राहतो! म्हणजे "या, पाणी तयार आहे" आणि "मी बंद पडलोय" या दोन्हींची खूण एकच. हजारो रुपयांच्या यंत्रात तिसरा दिवा बसवायला कितीसा खर्च आला असता? समोरच्या पत्र्यावर चांदीच्या रंगाची वेलबुट्टी काढायला पैसे होते.

तरी दिव्यांवरून थोडंफार कळतं, ते सांगून ठेवतो. दोन्ही दिवे बंद असतील तर आधी प्लग काढून पाहा. २००० वॅटला साडेआठ-नऊ अँपिअर ओढले जातात, सॉकेटची पकड ढिली असली की पिना काळ्या पडतात आणि एक दिवस प्लास्टिक वितळतं. लाल दिवा लागतोय, बराच वेळ गेला, पाणी थंडच, तर पाणी तापवणारं एलिमेंट तुटलंय. बहुतेक गीझरमध्ये दिवा एलिमेंटला समांतर जोडलेला असतो, त्यामुळे एलिमेंट गेलं तरी तो लागतो. गीझर लावल्या लावल्या आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) पडत असेल तर एलिमेंटमधून अर्थला वीज गळतेय, तेव्हा बटण पुन्हा पुन्हा वर करण्याचा पराक्रम करू नका. आणि माझ्यासारखं हिरवा चालू, लाल बंद, पाणी थंड असेल तर कटआउट किंवा थर्मोस्टॅट.

वॉरंटी: यंत्राला दोन वर्षं, एलिमेंटला चार, टाकीला सात. पहिली नुकतीच संपलेली, अर्थातच. टोल फ्रीवर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकून झाल्यावर सर्व्हिसवाला आला. ४५० रुपये व्हिजिट, वर १८ टक्के जीएसटी. खालचं झाकण न उघडता म्हणाला, एलिमेंट गेलंय, १,८५०. एलिमेंट तर वॉरंटीत आहे म्हटलं, तर म्हणे पाणी खारं आहे, त्यात बसत नाही. मीटर लावून दाखव म्हटलं, तर मीटर गाडीत. मग मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, ओटीपी दे दीजिए, कंप्लेंट क्लोज करनी है." काम शून्य आणि ओटीपी हवा! दिला नाही. संध्याकाळी मेसेज आला, "ग्राहक घरी नसल्याने तक्रार बंद."

कॉलनीतला वायरमन आला. प्लग काढला, झाकणाचे स्क्रू काढले, एलिमेंटच्या टोकांना मीटर लावला: २६ ओहम. २००० वॅटच्या एलिमेंटला २३० व्होल्टवर हिशेबाने साडेसव्वीस यायला हवेत, म्हणजे ठणठणीत. टोकापासून बॉडीपर्यंतही गळती नाही. "भिया, एलिमेंट में कुछ नी हुआ," म्हणत त्याने थर्मोस्टॅटशेजारचं कटआउटचं बारीक लाल बटण पेचकसाच्या टोकाने दाबलं. टिक. लाल दिवा लागला. दोनशे रुपये घेऊन तो गेला.

त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता तर कंपनीची सालटी काढली असती, की असलं बटण झाकणाआड का लपवता, बाहेर द्या, माणूस स्वतः दाबेल.

पण काही आठवड्यांनी पुन्हा तेच झालं आणि माझं मत फिरलं. कटआउट उगाच उडत नाही, आतलं तापमान हाताबाहेर गेलं तरच उडतो. बंद टाकीच्या गीझरला आपोआप परत न जुळणारा कटआउट द्यावा लागतो तो एवढ्यासाठीच, की कुणीतरी झाकण उघडून कारण शोधावं. बटण बाहेर असतं तर आम्ही रोज सकाळी ते दाबत बसलो असतो. बटण लपवलंय ते योग्यच. तिसरा दिवा न देणं मात्र अजूनही अक्षम्य.

मग पाणी पूर्ण काढून एलिमेंटची प्लेट उतरवली. एलिमेंटच्या वेटोळ्यांमध्ये पांढरट क्षार इतका गच्च बसला होता की थर्मोस्टॅटची नळी त्यातच पुरली गेली होती. म्हणजे पाणी नव्हे, क्षारच तापत होता आणि नळीला चटके देत होता. गेले दोन-तीन महिने पाणी तापताना कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज यायचा, तो यामुळेच. मॅग्नेशियमच्या रॉडची उरली होती ती तार आणि दोन-चार खडे. हा रॉड स्वतः झिजून टाकी वाचवतो, आणि टाकी आतून खरंच स्वच्छ होती, गंजाचा ठिपका नाही. इथे कंपनीला पैकीच्या पैकी. पण रॉड वर्षा-दोन वर्षांनी बघायचा असतो हे पुस्तिकेत शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

सियागंजात जे टाटरी म्हणून मिळतं ते लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून एलिमेंट रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी क्षार बोटाने निघाला. रॉड, नवं गॅस्केट (प्लेटखालची रबरी चकती) आणि थर्मोस्टॅट-कटआउटचा जोड महाराणी रोडवर मिळाले. वायरमनच्या मजुरीसकट सगळं हजाराच्या आत. जुनं गॅस्केट पुन्हा बसवायचा कंजूषपणा करू नका, गळतं. आणि टाकी भरून गरम नळातून सलग धार येईपर्यंत वीज चालू करायची नाही. कोरडं एलिमेंट काही क्षणांत जातं.

तेव्हापासून तापमानाचा काटा ७५ वरून ६० वर आणलाय, कारण पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो. पुढची सफाई दिवाळीच्या आधी.

वरच्या मजल्यासाठी दुसरा घ्यायचाय. टाकीसाठी हाच घेईन, पण ऑनलाइन नाही. महाराणी रोडवर जो दुकानदार खालचं झाकण उघडून बटण आणि रॉड कुठे आहे ते दाखवेल त्याच्याकडून, मग चार-पाचशे जास्त गेले तरी चालतील.