इंदूरहून मराठी पुस्तकाची ऑनलाइन जाहिरात: पैसे कुठे लावावे, कुठे नाही

फेसबुकवर मराठी पुस्तकाची जाहिरात लावताना भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडणं ही इंदूरात हमखास होणारी चूक. फेसबुकला कुणाची मातृभाषा कळत नाही. फोन नि ॲप कोणत्या भाषेत चालतं, यावरून ते अंदाज बांधतं. लोकमान्यनगर, सुदामानगरातल्या घरांत मराठी बोलतात, पण फोन हिंदीत नाहीतर इंग्रजीत असतो. रकान्यात मराठी भरलं की नेमकी हीच माणसं गळतात. ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकांना गर्दी करणारा प्रेक्षक हाच आपला वाचक, पण फेसबुक तो वेगळा काढून देत नाही.

म्हणून भाषा मोकळी सोडा आणि गाळणीचं काम मजकुरावर सोपवा. ‘मराठी कादंबरी, २५० रुपये, घरपोच’ हे पहिल्याच ओळीत हवं. ‘मराठी’ हा शब्द राहिला तर देवनागरी पाहून हिंदी वाचक चौकशी करतात, आणि जाहिरातीचा पैसा त्यातच विरतो. चित्रात नुसतं मुखपृष्ठ नको; वाचता येईल असं आतलं अर्धं पान टाका. शहर इंदूर, हवं तर देवास आणि उज्जैन. पोस्टखालचं ‘बूस्ट’ सोपं दिसतं, पण ॲड्स मॅनेजर या फेसबुकच्याच जाहिरात-साधनातून लावलेली जाहिरात जास्त ताब्यात राहते. उद्दिष्ट ‘एंगेजमेंट’ ठेवा, त्यात मेसेजचा पर्याय निवडा आणि बटण थेट व्हॉट्सॲपवर न्या. इतक्या लहान वाचकवर्गात जाहिरात लवकर शिळी होते. फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली त्याचा, आकडा ३च्या वर चढला की तीच माणसं तेच चित्र पुन्हा पाहताहेत. थांबवा आणि चित्र बदला.

हिशेब आधी मांडा. खात्यात १,००० रुपये भरले की १८ टक्के जीएसटी वजा होऊन जाहिरातीला साधारण ८४७ उरतात. २५० रुपयांच्या पुस्तकाला छपाई ११० धरा, टपाल नि पॅकिंग मिळून ३५. उरले १०५. एका ऑर्डरीमागे जाहिरात याच्यावर गेली तर प्रत्येक प्रत खिशातून वाटल्यासारखी. लाइक आणि ‘किती लोकांपर्यंत पोहोचलं’ हे आकडे या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दोन तयार उत्तरं ठेवा: एकात किंमत आणि यूपीआयचा क्यूआर, दुसऱ्यात ‘नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड पाठवा’. चौकशीला उत्तर संध्याकाळवर ढकललं की बरीच गिऱ्हाइकं थंडावतात. एकच निरोप अनेकांना धाडणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. ऑर्डर घेतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. पुढच्या पुस्तकाची जाहिरात फुकटात होते.

टपालाला १ मे २०२५ पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट ही टपाल खात्याची पुस्तकांसाठीची सेवा उत्तम. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, शिवाय कर. १८० पानी डेमी पुस्तक पुठ्ठ्यात बांधूनही साधारण त्यात बसतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं. घाईत पोहोचवायच्या प्रतीसाठी मात्र ती नाही, पाकीट जमिनीवरूनच जातं.

किंडलची गोष्ट निराळी. केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत (ई-बुक फक्त तिथेच ठेवायचं) ९० दिवसांत ५ दिवस ई-बुक फुकट ठेवता येतं. हे ५ दिवस विक्रीसाठी नव्हेत, अभिप्रायासाठी. पण दिवस उजाडतो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे: आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. सकाळी पोहे-जिलबीच्या वेळी ग्रुपवर लिंक टाकली तर लोकांना पूर्ण किंमत दिसते, आणि एकदा परत गेलेला माणूस दुपारी पुन्हा येत नाही. काउंटडाउन डील, म्हणजे ठरावीक काळापुरती सवलत, भारतातल्या ॲमेझॉनवर चालत नाही, म्हणून दिवाळीसाठी किंमत हातानेच उतरवायची. बदल दिसायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात. कीवर्डच्या (शोधशब्दांच्या) ७ खणांत दोन-तीन तरी रोमन लिपीतली मराठी असू द्या, कारण शोधणारे तसंच टाइप करतात. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात जुळवलेली फाइल चढवू नका, अक्षरांची भेळ होते. डीटीपीवाल्याकडून युनिकोड फाइल मागून घ्या, शक्यतो छपाईआधीच.

ईमेलने पुस्तकं सुचवणारे परदेशी जाहिरात-मेलर मराठी पुस्तकाला जवळजवळ निरुपयोगी. बुकबबची फीचर्ड डील इंग्रजी वाचकांची. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरच्या गिव्हअवेवरही (फुकट प्रती वाटण्यावर) खर्च नको. तिथे फुकटचं लेखक-पान उघडा, पैसे राखून ठेवा. ‘अमुक रुपयांत ५० पंचतारांकित अभिप्राय’ विकणाऱ्यांपासून तर दूरच. ॲमेझॉनला विकतचे अभिप्राय चालत नाहीत, घरच्यांचेही नाहीत. सापडले तर अभिप्रायच नव्हे, लेखकाचं खातंही जाऊ शकतं.

सिलेक्टमध्ये असेपर्यंत तेच ई-बुक बुकगंगा, प्रतिलिपी किंवा आणखी कुठेही ठेवता येत नाही. १० टक्क्यांपर्यंतचा नमुना चालतो आणि छापील प्रत कुठेही विका. ९० दिवस संपले की मुदत आपोआप वाढते. ई-बुक दुसरीकडे न्यायचं असेल तर शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता आपोआप-नूतनीकरणाची खूण आजच काढा.