वापराचे आठ महिने: जुन्या पेपरांचं डिजिटल अर्काइव्ह आणि २००४ ची निवडणूक

आधी निकाल सांगतो, मग तक्रारी. घ्या, पण पूर्ण पान दिसेल अशीच वर्गणी घ्या. नुसत्या मजकुराची एक स्वस्त योजना असते, तिच्या वाटेला जाऊ नका. मी पहिले दोन महिने तीच घेऊन बसलो होतो आणि ते दोन महिने जवळजवळ पाण्यात गेले.

माझं काम असं होतं. इराकमध्ये सैन्य लढत असताना अमेरिकेत २००४ ची अध्यक्षीय निवडणूक झाली, तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश विरुद्ध जॉन केरी. त्या काळात तिथल्या पेपरांनी सत्तेवरच्या माणसाला युद्धाबद्दल काय विचारलं आणि कधी विचारलं, हे मला तारीखवार बघायचं होतं. या विषयावर पुस्तकं पुष्कळ आहेत, पण ती सगळी शेवट माहीत असलेल्यांनी लिहिलेली. मला त्या त्या सकाळचा पेपर हवा होता, चुकांसकट. नोकरी पेपरच्या डेस्कवर पानं लावण्यात गेली, त्यामुळे बातमी वाचण्याआधी ती लागली कुठे आहे ते बघायची खोड अजून सुटलेली नाही.

आणि मजकूर-योजनेत नेमकं तेच दिसत नाही. शोध टाकला की यादी येते. पांढरा पडदा, वर मथळा, खाली तारीख, सगळी अक्षरं एकाच मापाची. पानभर पसरलेली लीड, म्हणजे मुख्य बातमी, आणि आतल्या पानावर कोपऱ्यात कोंबलेली बातमी, दोघी जुळ्या बहिणी वाटतात. त्या यादीवरून माझं मत झालं होतं की युद्धाआधी, इराककडे बंदी असलेली शस्त्रं आहेत या सरकारी दाव्यावर शंका घ्यायचं काम अमेरिकी पेपरांनी तसं बऱ्यापैकी केलं होतं. वॉशिंग्टन पोस्टच्या वॉल्टर पिंकस यांच्या बातम्या आहेत, नाइट रिडर या वृत्तपत्र-समूहाच्या जोनाथन लँडे आणि वॉरेन स्ट्रोबेल यांच्या आहेत. मग पेपरांनी प्रश्नच विचारले नाहीत ही एवढी ओरड कसली?

तिसऱ्या महिन्यात योजना बदलली आणि पिंकस यांची १६ मार्च २००३ ची बातमी पानासकट उघडली. पान ए-१७. युद्ध तीन-चार दिवसांवर आलेलं, आणि बंदी असलेल्या शस्त्रांबद्दल सरकारकडे ठोस माहिती नाही असं सांगणारी बातमी सतराव्या पानावर! पोस्टने पुढे १२ ऑगस्ट २००४ ला आपल्याच हॉवर्ड कुर्ट्झ या बातमीदाराकडून स्वतःचीच झाडाझडती लिहून घेतली, तीत हा किस्सा आहे. पोस्टचेच बॉब वुडवर्ड मध्ये पडले म्हणून ती बातमी निदान छापली तरी गेली, आणि तरीही आतच गेली. त्याच लेखात एक आकडा आहे: ऑगस्ट २००२ पासून युद्ध सुरू होईपर्यंत, इराकविरुद्धच्या सरकारी भाषेवर भर असलेल्या १४० हून जास्त बातम्या पहिल्या पानावर लागल्या. डेस्कवर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बातमी दाबायला ती मारावी लागत नाही, आत ढकलली की पुरते.

या अर्काइव्हची मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे दोन पानं शेजारी शेजारी लावता येतात. मी डावीकडे न्यूयॉर्क टाइम्सचं ८ सप्टेंबर २००२ चं पहिलं पान लावलं. सद्दाम अणुबॉम्बसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवतोय, ही ती प्रसिद्ध बातमी. उजवीकडे त्याच पेपरचं २६ मे २००४ चं पान ए-१०. इराकबद्दलच्या आपल्या काही बातम्या पुरेशा कसून तपासल्या नव्हत्या, अशी संपादकांची कबुली. कबुलीत एकाही बातमीदाराचं नाव नाही. चूक पहिल्या पानावर आणि खुलासा दहाव्या पानावर, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे, मीही पाळलेला आहे, पण एवढ्या मोठ्या आकारात तो कधी पाहिला नव्हता. चार दिवसांनी त्यांच्याच वाचक-प्रतिनिधींनी, डॅनियल ओक्रेंट यांनी, लिहिलं की हे अपयश एकट्यादुकट्याचं नाही, संस्थेचं आहे. पोस्टची झाडाझडती मात्र पहिल्या पानावर आली. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

टीव्ही अर्काइव्हमध्ये नाही, ही मोठी उणीव. नळ्यांची बातमी आली त्याच रविवारी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी एनबीसीच्या मुलाखतीत बसले आणि त्यांनी त्याच बातमीचा हवाला दिला. सरकारी सूत्रांनी पुरवलेली बातमी सरकारनेच पुरावा म्हणून पुढे करायची. हे वर्तुळ नुसत्या पेपरांतून अर्धंच दिसतं.

आता शोधाबद्दल, कारण वेळ तिथेच जातो. स्कॅन केलेल्या पानावरून यंत्र अक्षरं ओळखतं आणि ते अजूनही डुलक्या काढतं. घडीवरचे शब्द तुटतात, कॉलम एकमेकांत घुसतात. अरबी नावांचं तर विचारू नका. मतदानाला आठ दिवस उरले असताना, २५ ऑक्टोबर २००४ ला, टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली की इराकमधल्या अल काका इथून सुमारे ३८० टन स्फोटकं गायब आहेत. हे नाव कुठे जोडरेघेने, कुठे सुटं, कुठे मध्ये अवतरणचिन्ह घालून छापलेलं. एका स्पेलिंगने शोधलं तर ज्या पेपरांनी बातमी घेतलीच नाही असं मला वाटलं, त्यांतल्या निम्म्यांनी ती घेतली होती. त्यामुळे 'अमुक पेपरने ही बातमी दिलीच नाही' असं विधान या अर्काइव्हच्या भरवशावर करू नका. मी एकदा केलं, एका मित्रासमोर तोंडघशी पडलो.

त्यावर मी शोधलेला उपाय सांगतो: शोध सोडून द्या. महिना निवडा, एक पेपर निवडा आणि रोजचं फक्त पहिलं पान उलटत जा, चाळल्यासारखं. मी ऑगस्ट आणि सप्टेंबर २००४ असे काढले आणि आठ महिन्यांत सगळ्यात जास्त शिकलो ते त्या आठवड्यांत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात केरी यांच्याबरोबर आपण व्हिएतनाममध्ये होतो असं म्हणणाऱ्या माजी नौसैनिकांच्या गटाची जाहिरात आली. केरी यांची पदकं खोट्यावर उभी आहेत असा आरोप. जाहिरात मुळात तीनच राज्यांत दाखवली गेली, ओहायो, विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनिया. बुश यांच्याच पक्षाचे जॉन मकेन यांनी ती अप्रामाणिक ठरवली. तरी ती महिनाभर पेपरांत वाजत राहिली, कारण आरोपावर बातमी, आरोपाच्या उत्तरावर बातमी, आणि उत्तर द्यायला केरींना दोन आठवडे का लागले यावर आणखी एक. त्याच दिवसांत, ५ ऑगस्टपासून, इराकच्या नजफमध्ये अमेरिकी सैनिक आणि शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांची माणसं कबरस्तानात लढत होती. पानं उलटताना डोळ्यांसमोर दोन नद्या, दोन युद्धं येत राहतात, व्हिएतनामची मेकाँग आणि इराकची युफ्रेटिस, आणि पहिल्या पानावर बरेचदा पस्तीस वर्षांपूर्वीची नदी जिंकते.

सप्टेंबर तर याहून विचित्र. ७ तारखेला इराकमधल्या अमेरिकी मृतांची संख्या हजाराच्या पुढे गेली. ८ तारखेला सीबीएस वाहिनीवर डॅन रॅदर यांनी बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या (राखीव सैन्यातल्या) तरुणपणीच्या नोकरीची कागदपत्रं दाखवली. कागद बनावट असल्याचा संशय आला, मग पुढचे बारा दिवस देशभर चर्चा कशाची, तर १९७२-७३ च्या टाइपरायटरवर आकड्यापुढे बारीक 'टीएच' वर उचलून छापता येत होतं का! कागद अस्सल आहेत हे आपण सिद्ध करू शकत नाही, असं २० सप्टेंबरला वाहिनीला कबूल करावं लागलं. बुश यांनी गार्डमध्ये खरोखर काय केलं, हा मूळ प्रश्नही त्या टाइपरायटरखाली गाडला गेला.

सगळा दोष पेपरांवर टाकावा असंही नाही. १३ एप्रिलच्या पत्रकार परिषदेत एका बातमीदाराने बुश यांना सरळ विचारलं होतं, ११ सप्टेंबरनंतर तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती? त्यांना एकही सुचली नाही. युद्ध चालू असताना नेत्याला याहून नेमका प्रश्न कुठला विचारणार? पण विरोधात उभा असलेला उमेदवारच अडखळत होता. केरी यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये अध्यक्षांना युद्धाचा अधिकार देण्याच्या बाजूने मत दिलेलं, आणि ९ ऑगस्टला ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभं राहून त्यांनी सांगितलं की आज सगळं कळल्यावरही मी तेच मत देईन. समोरचा उमेदवारच असं म्हणत असेल तर बातमीदाराने विरोधाची बाजू म्हणून छापायचं काय? शस्त्रांचे साठे नव्हतेच, हे सांगणारा शस्त्रतपासणी पथकाचे प्रमुख चार्ल्स ड्युल्फर यांचा अहवाल ६ ऑक्टोबरला आला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानांवर ठळक दिसतो. आठवड्याभरात शेवटचा वादविवाद झाला आणि २ नोव्हेंबरला बुश २८६ विरुद्ध २५१ निर्वाचक मतांनी परत आले.

छायाचित्रांबद्दल वेगळी तक्रार आहे. १८ एप्रिल २००४ चं सिअ‍ॅटल टाइम्सचं पहिलं पान बघण्यासारखं आहे: कुवेतमध्ये मालवाहू विमानात झेंड्यांत गुंडाळलेल्या शवपेट्या ओळीने लावलेल्या. अशा परतणाऱ्या शवपेट्यांच्या चित्रीकरणावर पेंटॅगॉनची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याची, १९९१ पासून बंदी होती. फोटो काढणारी स्त्री तिथे कंत्राटदाराकडे कामाला होती, तिची नोकरी गेली. मजकूर-योजनेत या सगळ्याच्या जागी माझ्यासमोर उरली होती नुसती ओळ, फोटोखालची. पूर्ण पानाच्या योजनेतही सगळं आलबेल नाही: वृत्तसंस्थांचे कित्येक फोटो हक्कांच्या भानगडीमुळे राखाडी चौकोन करून टाकलेत. युद्धाच्या वर्षातलं पहिलं पान आणि मधोमध राखाडी चौकोन, डेस्कवरच्या माणसाला ते बघवत नाही.

बाकीचं भराभर. मोबाइल अ‍ॅप टाकाऊ, पान मोठं केलं की उडी मारून दुसऱ्याच कॉलमवर जातं. कात्रणं ठेवायची सोय उत्तम, टिपणही जोडता येतं. डाउनलोडला महिन्याची मर्यादा आहे आणि ती संपत आल्याची सूचना संपल्यावर येते. पहिल्या पानावरून आत गेलेल्या बातमीचं शेपूट आपोआप उघडत नाही, स्वतः शोधावं लागतं, आणि गंमत म्हणजे शंका, नकार, 'मात्र तज्ज्ञांच्या मते' वगैरे सगळं त्या शेपटातच असतं. वर्गणी आपोआप नूतन होते, ती खूण आधीच काढून ठेवा.

शेवटची तक्रार अंक गहाळ असण्याची, आणि तीत माझाच पोपट झाला. मन रमवायला मी १८६४ कडे गेलो होतो, यादवी युद्धातली लिंकन यांची निवडणूक. न्यूयॉर्क वर्ल्ड हा त्यांच्या विरोधातला पेपर चाळत होतो. १८ मे चा अंक आहे आणि पुढे खड्डा. मी लगेच ग्राहकसेवेला खरमरीत तक्रार लिहिली की पैसे घेता आणि अंक गाळता. मग कुतूहलाने शेजारचे पेपर उघडले. १८ तारखेला वर्ल्ड आणि जर्नल ऑफ कॉमर्सने ४ लाख माणसांच्या सैन्यभरतीचा राष्ट्राध्यक्षांचा जाहीरनामा छापला होता. तो बनावट होता. सोन्याच्या भावात हात मारण्यासाठी जोसेफ हॉवर्ड नावाच्या पत्रकाराने तो पेरलेला. लिंकन यांनी स्वतःच्या सहीने हुकूम काढला, सैनिकांनी दोन्ही छापखान्यांचा ताबा घेतला, आणि काही दिवस पेपर निघालेच नाहीत. स्कॅन करणाऱ्यांनी काहीच गाळलं नव्हतं.

तो खड्डा निदान दिसतो तरी. मग मी मुद्दाम ऑक्टोबर २००४ चा न्यूयॉर्क टाइम्स परत उघडला. विनापरवाना टेलिफोन ऐकण्याच्या सरकारी कार्यक्रमाची बातमी त्या पेपरकडे निवडणुकीआधीच लिहून तयार होती. सरकारच्या विनंतीवरून ती थांबवली गेली आणि १६ डिसेंबर २००५ ला छापली. ऑक्टोबरची पानं एकेक करून बघितली. एकही अंक गहाळ नाही, एकही कॉलम रिकामा नाही, सगळं कसं गच्च भरलेलं.

वर्गणी आणखी एक वर्ष ठेवतोय. ग्राहकसेवेला पाठवलेली १८६४ ची तक्रार मी मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण तसं बटण नाही. तिच्यापुढे अजून लिहून येतं: गहाळ अंक मिळवण्याचं काम चालू आहे.