चोपडा तालुक्यात घर बांधले : स्थानिक ठेकेदाराच्या कामाविषयी

नोकरीची बरीच वर्षे पुण्यात काढल्यानंतर जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातील आमच्या गावी, वडिलोपार्जित जागेवर घर बांधण्याचे आम्ही ठरवले, तेव्हा नकाशा पुण्याच्या आर्किटेक्टचा आणि काम चोपड्याच्या ठेकेदाराचे अशी विभागणी केली. घरावरून एक पावसाळा गेला असल्याने या कामाविषयी आता जबाबदारीने लिहिता येते. पाया, सांगाडा आणि स्लॅब यांसाठी मी या ठेकेदाराचे नाव कोणालाही निःशंकपणे सुचवेन. फिनिशिंगसाठी सुचवणार नाही.

सातपुडा आणि तापी यांच्यामधला हा पट्टा केळी-कापसाच्या काळ्या जमिनीचा आहे. ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या हालचालीने वरच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर जाते. आमच्या गल्लीतील काही नव्या घरांवरही ती दिसते. आमच्या जागेत नकाशात दाखवलेल्या खोलीपर्यंत खोदूनही काळी मातीच लागत होती. ठेकेदार स्वतः खड्ड्यात उतरले, तळाचे एक वाळलेले ढेकूळ त्यांनी पाण्याच्या बादलीत टाकले आणि ते फुटून त्याचा चिकट लगदा होईपर्यंत आम्हाला तिथेच उभे ठेवले. “काळी माटीना काय भरोसा, भाऊ? मुरूम लागू द्या,” एवढेच ते म्हणाले. इंजिनिअरशी फोनवर बोलून पिवळा मुरूम लागेपर्यंत खोदाई झाली. खोदून निघालेली माती त्यांनी जोत्यात भरू दिली नाही. बाहेरून मुरूम आणून तो थराथराने, पाणी मारून, धुमसाने ठोकून घेतला आणि सर्व कॉलम जोत्याच्या पातळीवर बीमने बांधले. खर्च वाढला, पण घरातला सर्वांत योग्य जागी गेलेला पैसा हाच, असे माझे मत आहे.

उन्हाचेही तसेच. इकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अशा उन्हात काँक्रीटमधले पाणी त्याला बळ येण्याआधीच उडून जाते. स्लॅबचे काम त्यांनी पहाटे सुरू केले, कॉलमना गोणपाट गुंडाळले आणि स्लॅबवर आळी करून त्यांत पाणी साठवले. मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेले) सिमेंट आणि कोरडी, उष्ण हवा असेल तर १४ दिवस पाणी देण्याची शिफारस आय.एस. ४५६ या भारतीय मानकात आहे. त्यांनी टँकर मागवूनही ती पाळली. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या टाइल-तुकड्यांचे चायना मोझॅक केल्यामुळे वरची खोली दुपारी बसण्याजोगी राहते. आजोबांच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातला गारवा स्लॅबला येणार नाही, हे खरे. मात्र त्या घराचे सागवानी खांब त्यांनी जपून उतरवले आणि नव्या ओसरीत उभे केले, याबद्दल आमची आई त्यांना आजही दुवा देते.

होळीच्या आधी भोंगऱ्याचा, म्हणजे आदिवासींच्या सणाचा, बाजार भरला की पावरा आदिवासी मजूर सातपुड्यातल्या आपापल्या पाड्यांवर जातात आणि काम थांबते. ठेकेदारांनी हे आधीच सांगितले होते, त्यामुळे त्याची तक्रार नाही.

तक्रार आहे ती हिशोबाची. प्रति चौरस फूट दर ठरला, पण छज्जे मोजणार की नाही, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी आणि गच्चीचा कठडा त्या दरात धरले आहेत की नाहीत, हे त्यांनी विचारूनही कागदावर दिले नाही आणि शेवटी या प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे मागितले. बाथरूमचा उतार जाळीकडे नाही. पाणी दाराशी साचते. एका दाराची चौकट ओळंब्यात नसल्याने दार आपोआप उघडते. दोन्ही कामे दुरुस्त करून देण्याचे कबूल करूनही त्यांनी बरेच दिवस पुढे ढकलले. मालक पुण्यात असेल तर गावातील कोणी जबाबदार नातेवाईक रोज साइटवर असल्याशिवाय ही कामे हलत नाहीत.

या पावसाळ्यात भिंतीला एकही चीर गेली नाही, छत गळले नाही. दिवाळीनंतर कंपाउंडच्या भिंतीचे काम मी त्यांनाच देणार आहे, मोजमापाच्या सर्व बाबी आधी लिहून घेऊन. बाथरूमची फरशी उखडून पुन्हा बसवायला मात्र अमळनेरचा दुसरा कारागीर ठरवला आहे.