मोटरचं शटर दीड वर्ष वापरल्यावर: मोटर उत्तम, कव्हरच्या रिव्हेटवर मात्र राग

नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो हाऊसच्या पार्किंगला मोटरचं रोलिंग शटर बसवून दीड वर्ष झालं. दहा बाय आठ फूट, १८ गेजच्या जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी) पट्ट्या, ३०० किलोची साइड मोटर, दोन रिमोट. असं शटर बहुतेकांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे त्याची माहिती देत बसत नाही. लिहायचंय ते आवाजाबद्दल, आणि शाफ्टवरच्या, म्हणजे शटर ज्या आडव्या दांड्यावर गुंडाळलं जातं त्याच्यावरच्या, पत्र्याच्या कव्हरबद्दल. ते कव्हर रिव्हेट मारून कायमचं बंद करतात, याचा मला मनापासून राग आहे.

पहिलं वर्ष अगदी सुखात गेलं. ह्यांची सेकंड शिफ्ट असते, रात्री उशिरा गाडी आत घ्यायची, आणि शटर कोणाला न उठवता वर जायचं. मग दिवाळीनंतर किरकिर सुरू झाली. थंडी वाढली तशी ती कर्कश झाली. शटरचे ब्रॅकेट कॉलमला ठोकलेले असतात, त्यामुळे तो आवाज भिंतीतून थेट वरच्या खोलीत, जिथे सासूबाई झोपतात. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच, म्हणजे त्यांच्याही घरात.

सुरुवातीला सगळे सांगतील तेच केलं: गाईडमध्ये, म्हणजे पट्ट्या ज्यातून सरकतात त्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये, ग्रीस. हे कोणीही करू नका. आमच्या बाजूला सतत बांधकाम चालू असतं, ती सगळी धूळ ग्रीसला चिकटली आणि गाईडमध्ये काळा चिखल झाला. डिझेलच्या फडक्याने पुसून काढला, सुकू दिलं आणि सिलिकॉन स्प्रे मारला. तो कोरडा राहतो, धूळ धरत नाही. पट्ट्यांची खडखड निम्म्याने कमी झाली. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० सुद्धा मारून पाहिला होता. तो मुळात पाणी हटवायला, गंज सैल करायला आहे. चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. किंचाळणं तर या सगळ्यानंतरही जसंच्या तसं होतं.

ज्यांनी बसवलं त्यांचा माणूस आला. खाली उभं राहून रिमोट दाबला, वर-खाली एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "मॅडम, मोटरचा गिअर गेलाय. नवीन मोटर टाका, साडेतेरा हजार." म्हटलं, कव्हर उघडून तर बघा. तर म्हणे रिव्हेट काढले की वॉरंटी जाते. वॉरंटी असताना मोटरचे पैसे का घेताय, हे विचारल्यावर त्याने ऑफिसला फोन करायला सांगितलं. ऑफिसने "टेक्निशियन सांगतो तेच फायनल" असं सांगितलं. साडेतेरा हजार म्हणजे थोडे पैसे नाहीत, आणि न उघडता केलेल्या निदानावर तर मी शंभर रुपयेही देणार नाही.

आमच्या लेनमध्ये एक काका आहेत, सातपूर एमआयडीसीत आयुष्यभर मेंटेनन्स फिटर होते. त्यांनी आधी मेन स्विच बंद करायला लावला आणि हाताच्या साखळीने शटर हळूहळू ओढलं. किंचाळणं आलंच. "मोटरचं वाइंडिंग आणि ब्रेक यांचा दोष नाही. पण गिअरवरचा संशय अजून जात नाही, साखळी त्याच गिअरमधून फिरते," काका म्हणाले. मग मोटरच्या बाजूला दिसणाऱ्या मोठ्या स्प्रॉकेटवर (शाफ्टसोबत फिरणाऱ्या दातेरी चाकावर) खडूने खूण केली. खूण एक फेरा मारून वर आली की एक किंचाळी, दर फेऱ्याला एकच. "गिअर असता तर तो शाफ्टपेक्षा कितीतरी जास्त फेरे मारतो, आवाजही तितक्यांदा आला असता. हे शाफ्टचंच दुखणं आहे, ताई." शेवटी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मलाही ऐकवलं. मोटरच्या बरोबर समोरच्या टोकाला आवाज अगदी स्पष्ट होता.

इथे माझं मत पूर्ण फिरलं. तोवर मोटरला दोन स्टार द्यायच्या तयारीत होते. आता निःशंक चार. वीज गेल्यावर साखळीने उघडते, शटर वर-खाली नेमकं कुठे थांबायचं ते ठरवणाऱ्या लिमिट स्विचचं सेटिंग एकदाही हललेलं नाही, उन्हाळ्यात गरम होऊन बंद पडली नाही.

रिव्हेट ड्रिलने उडवून कव्हर काढलं. शाफ्टचं टोक पेलणाऱ्या प्लमर ब्लॉकमधल्या बेअरिंगचे दोन्ही ग्रब स्क्रू, म्हणजे बेअरिंगची रिंग शाफ्टवर आवळून धरणारे छोटे स्क्रू, सैल होते. त्यामुळे शाफ्ट बेअरिंगसोबत फिरायच्या ऐवजी त्याच्या आतल्या रिंगमध्ये घासत होता. रिंगवर चरे पडले होते आणि लोखंडाचा तांबडा भुगा साठला होता. वेळेत एक ॲलन की फिरली असती तर एवढ्यावर भागलं असतं. पण रिव्हेटमुळे तिथे हातच पोहोचत नव्हता. त्यात ग्रीस निप्पल, म्हणजे बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं तोंड, भिंतीकडे तोंड करून बसवलेलं, म्हणजे ग्रीस गन लावायचीही सोय नाही.

बेअरिंगचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो. आमचं २०६ होतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की शाफ्टची जाडी मिळते, म्हणजे ३० मिमी. अंबडच्या दुकानात ब्लॉकसकट मिळालं. शटर पूर्ण खाली उतरवून, शाफ्टला खालून भक्कम टेकू देऊन काकांनी ते बदललं, निप्पल बाहेरच्या बाजूला वळवलं, ग्रब स्क्रूला लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलं आणि ब्रॅकेटखाली रबराचा तुकडा घातला. त्यांची मजुरी धरून सगळं दोन हजारांच्या आत. कव्हर आता सेल्फ स्क्रूवर आहे, पाच मिनिटांत उघडतं.

ज्यांचं शटर हाताने उचलायचं, स्प्रिंगचं आहे, त्यांनी मात्र शाफ्टला अजिबात हात लावू नये. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो. तिथे शटरवालाच हवा.

नवीन शटर घेणार असाल तर बिल देण्याआधी फिटरला समोर उभं करून कव्हर स्क्रूवर लावून घ्या आणि निप्पल कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. तो म्हणेल, रिव्हेट जास्त पक्कं असतं. कव्हरवर वजन काहीच नसतं, त्याला पक्कं करून उपयोग नाही. आमच्याकडे अजून एक काम बाकी आहे: दोन पट्ट्यांचे टोकाचे लॉक निघाल्यामुळे त्या बाजूला सरकून गाईडला घासतात. पाऊस सुरू व्हायच्या आत ते बसवून घेणार, आणि ज्यांनी शटर लावलं त्यांना बोलावणार नाही.