गाळा नव्याचा, गूगलवरचा मालक मात्र जुनाच?

गोखले रोडवर किंवा वाशीत चालतं दुकान घेताना गूगल बिझनेस प्रोफाइलही (गूगल सर्च आणि मॅप्सवर दिसणारी दुकानाची नोंद) नावावर करून घ्या. सोय फुकट आहे, जुने रिव्ह्यू टिकतात. या सोयीला माझे पाचपैकी चार तारे.

जुन्या मालकाने प्रोफाइलच्या सेटिंगमधल्या ‘पीपल अँड अ‍ॅक्सेस’मध्ये नव्याचा ईमेल ‘ओनर’ म्हणून जोडायचा, नव्याने आमंत्रण स्वीकारायचं, मग त्याला ‘प्रायमरी ओनर’ म्हणजे मुख्य मालक करायचं. एक तारा इथेच कापला: स्वीकारल्यावर ७ दिवस ही शेवटची पायरी होत नाही. व्यवहाराचा शेवटचा चेक त्यानंतरच द्या.

जुन्याच्या गूगल खात्याचा नुसता पासवर्ड घेऊन भागवू नका. रिकव्हरीचा (पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवण्याचा) मोबाइल नंबर जुन्याचा राहिला, तर तो खातं केव्हाही परत घेऊ शकतो. दुकानाची वेबसाइट असेल तर डोमेनचं (वेबसाइटच्या पत्त्याचं) काम वेगळं, ते डोमेन जिथे नोंदवलं त्या कंपनीकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे.