30 इंची, 24 गेजची ट्रंक: 31 आठवड्यांच्या वापरानंतर

मुलाची मराठा लाइट इन्फंट्रीत अग्निवीर म्हणून निवड झाली, तेव्हा बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रात हजर होण्याच्या पत्राबरोबर सामानाची एक यादी आली होती आणि तिच्यात कुलपासकट काळ्या लोखंडी ट्रंकेचा उल्लेख होता. लालबागला आमच्या पोटमाळ्यावर सासूबाईंची ट्रंक आहे; पण तिच्यात गणपतीच्या आराशीचे सामान असते आणि ती इतकी जड आहे की दोन माणसांशिवाय खाली येत नाही. म्हणून नळ बाजाराच्या मागच्या एका गल्लीतून नवी ट्रंक घेतली. त्याच वेळी हा अभिप्राय लिहिला असता तर रंग आणि भाव यांपलीकडे लिहिण्यासारखे काही नव्हते. आता ती ट्रंक प्रशिक्षण पुरे करून मुलाबरोबर सुट्टीवर घरी आली आहे आणि तिला उलटीसुलटी करून पाहायला मला सवड मिळाली आहे.

दुकानाला पाटी नाही. ट्रंका एकावर एक रचून थेट छतापर्यंत नेलेल्या आहेत, पत्रा ठोकण्याचा आवाज मागच्या खोलीतून सतत येत असतो, आणि मालक तो आवाज गृहीत धरूनच मोठ्याने बोलतात. मी एका चकचकीत ट्रंकेवर हात ठेवला तेव्हा ते म्हणाले, "फौजेसाठी ना, बाई? मग पत्रा बघा, रंग बघू नका." पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. मी पाहिलेली चकचकीत ट्रंक 28 गेजची होती. तिचे झाकण अंगठ्याने दाबले तरी आत जाऊन परत टणकन वर येत होते. त्यांनी 24 आणि 22 गेजच्या दोन ट्रंका काढून दाखवल्या. 22 गेजची ट्रंक भक्कम वाटली म्हणून मी तीच मागत होते, पण मुलाने दोन्ही उचलून पाहिल्या आणि हलकी निवडली. दीडएक किलोचाच फरक होता. त्याची ती निवड किती शहाणपणाची होती, ते पुढे सांगते.

मापाच्या बाबतीत मात्र आग्रह माझा होता. रेल्वेने सोबत न्यायच्या ट्रंकेसाठी 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटरची मर्यादा आहे. आम्ही घेतलेली ट्रंक 30 बाय 16 बाय 10 इंचांची, म्हणजे उंचीला या मर्यादेपेक्षा चार मिलिमीटरने अधिक भरते. तेवढ्यावरून कोणी अडवले नाही. दादरहून रात्री सुटणाऱ्या चालुक्य एक्स्प्रेसमध्ये ती खालच्या बाकाखाली व्यवस्थित बसली. 12 इंच उंचीची ट्रंक त्याच भावात मिळत होती आणि यजमानांचा कल तिच्याकडे होता, परंतु बराकीतही ती खाटेखालीच राहणार होती. 1,950 रुपये पडले. घासाघीस केली, उपयोग झाला नाही. मालकांनी "पंधरा वर्षं बघायला नको" अशी तोंडी हमी दिली. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची असते आणि चारांतल्या एकालाच पुढे कायम होण्याची संधी असते, हे मनात येऊन मी त्या हमीवर काही बोलले नाही.

पहिली तक्रार नावाची आहे. ट्रंकेवर नाव घालून देण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, म्हणून मी कागदावर मुलाचे पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहून दिले होते. तरीही रंगाऱ्याने आडनावातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व काढली. बत्तीस वर्षे पालिकेच्या शाळेत मराठी शिकवलेल्या बाईच्या घरातून अशी ट्रंक बाहेर पडावी याचे मला वाईट वाटले आणि मी ती दुरुस्त करून मागितली. रंगारी जेवायला गेला होता. पुढे केंद्रात सगळ्यांच्याच ट्रंका एकसारख्या रंगवण्यात आल्या आणि नावाच्या जागी आधी क्रमांक आला, त्याखाली नाव आले. माझ्या रंगाऱ्याची वेलांटी आता काळ्या थराखाली बोटाला लागते, डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर असून ती वासाची आहे. रंग ताजा होता. निघण्याच्या आदल्या रात्री मी डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा कपड्यांच्या मधोमध ठेवला आणि बेळगावला पोहोचेपर्यंत लाडवांना ऑइलपेंटची चव आली. प्रशिक्षण देणाऱ्या उस्तादांनी सामान तपासताना डबा उघडायला लावला. त्या प्लाटूनमधल्या मुलांना तिथे आल्यानंतर मिळालेली पहिली घरची वस्तू म्हणजे रंगाचा वास येणारा एकेक लाडू, आणि मुलाच्या सांगण्यानुसार एकही उरला नाही. तरी माझा सल्ला असा की ट्रंक किमान आठ दिवस आधी घ्यावी, झाकण उघडे टाकून गॅलरीत उन्हात ठेवावी आणि आत वर्तमानपत्र अंथरून ते दोनदा बदलावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. ट्रंकेच्या तळाला मधोमध बशीएवढा पोचा आला आहे आणि तो आतल्या बाजूला आहे. ट्रंक पडली तर कोपरा चेपतो, ओढली तर कडा घासते; तळ खालून वर दबण्यासाठी तिच्याखाली काहीतरी असावे लागते. मी विचारले तेव्हा मुलगा हसला आणि आधी टाळाटाळ करून मग म्हणाला, "आई, ते माझं डोकं आहे." पाहणीच्या वेळी सामानाची मांडणी चुकली, घडीची कड सरळ रेषेत नसली, बुटाला हवी तशी चकाकी नसली, की रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा मिळते, त्यातला एक प्रकार भरलेली ट्रंक डोक्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारण्याचा. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या वाट्याला तो किती वेळा आला हे त्याने सांगितले नाही. फोन रविवारी आणि तोही काही मिनिटे असे, आणि त्या प्रत्येक रविवारी त्याने मला "सगळं ठीक आहे, जेवण चांगलं आहे" एवढेच सांगितले होते. जेवणाचे खरे असावे, कारण खांदे भरले आहेत. बाकीचे मला ट्रंकेच्या तळावरून कळले.

त्यामुळे ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अशा प्रशिक्षणासाठी निघाली आहे त्यांनी 22 गेजच्या मोहात पडू नये, असे मी स्पष्टपणे सांगते. पोचा आला तरी ट्रंक गळत नाही, झाकण वाकडे झालेले नाही, बिजागऱ्या अजून तेल मागत नाहीत. आणि दीड किलो डोक्यावर कमी असणे ही त्या फेऱ्यांमध्ये लहान गोष्ट नसावी.

कोयंड्याबद्दल मात्र दुकानाला दोष दिलाच पाहिजे. चौथ्या महिन्यात त्याचे एक रिव्हेट निखळले. कुलूप नीट बसत नसेल तर ती सामानाच्या मालकाची चूक धरली जाते, त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या साताऱ्याच्या मुलाने कुठूनसा नटबोल्ट पैदा करून तो आवळून दिला आणि तोच आजवर टिकला आहे. जी जागा दिवसातून दहा वेळा हाताळली जाणार तिथेच हलके रिव्हेट वापरावे, हे न पटणारे आहे. तळाला लाकडी पट्ट्या किंवा रबरी बूच दिले असते तर बेळगावच्या पावसाळ्यात फरशीची ओल तळाला लागून गंज धरला नसता. मुलाने शेवटी दोन विटा खाली सरकवल्या, त्यासुद्धा पाहणीच्या दिवशी काढून ठेवाव्या लागत.

आतून ती मी त्याच्याकडून उघडून घेतली, स्वतः उघडली नाही. आमचे घर दहा बाय बाराचे. तीन भावंडांत याच्या वाट्याला कपाटातला एक खण होता आणि त्यातही बहिणीच्या वह्या असत. कुलूप आमच्याकडे दाराला लागते, आतल्या कशाला लागत नाही. म्हणजे ज्या जागेची किल्ली त्याच्याकडे आहे अशी त्याच्या आयुष्यातली पहिली जागा म्हणजे ही ट्रंक, आणि ती त्याला घर सोडल्यावर मिळाली. दुसरी किल्ली मी देवघराजवळच्या खिळ्याला अडकवली होती. ती तशीच आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला वहीचे एक पान चिकटवलेले आहे आणि त्यावर पलटणीच्या इतिहासातल्या सनावळ्या त्याच्या अक्षरात आहेत, कारण त्या तोंडपाठ म्हणून दाखवाव्या लागत: पहिली पलटण 1768 मध्ये मुंबईत उभी राहिली, केंद्र 1922 मध्ये बेळगावला गेले. शाळेत त्याला एकही सन आठवत नसे. कपड्यांच्या घड्या वहीच्या आकाराच्या, सगळ्यांची दुमड एकाच बाजूला. परवा त्याने आपल्या वडिलांचे सदरे त्याच मापात घालून ठेवले आणि यजमानांना दोन दिवस कोणता सदरा कुठला हे ओळखू आले नाही.

ट्रंकेचे पैसे त्याने पहिल्या पगारातून परत पाठवले. महिन्याचे 30,000, त्यातून 9,000 चार वर्षांनंतर एकरकमी मिळणाऱ्या सेवा निधीत वजा होऊन हातात पडणाऱ्या रकमेतून त्याने पाठवले नेमके 1,950, वरचे पन्नास नाहीत. हिशेबाची ही सवय आमची नव्हे, ती तिकडची.

गेल्या मंगळवारी कोयंडा बदलून घ्यायला ट्रंक टॅक्सीच्या टपावर टाकून पुन्हा नळ बाजारात नेली. मालकांनी आधी पोच्यावर हात फिरवला आणि तो ठोकून सरळ करून देऊ का, असे विचारले. मुलगा "नको" म्हणाला. कोयंडा बदलला, या वेळी रिव्हेटऐवजी बोल्ट घातले आणि पैसे घेतले नाहीत. तेवढ्यावरून मी आधी ठरवलेले दहापैकी साडेसहा गुण साडेसात करीत आहे. वेलांटीचा अर्धा गुण मात्र परत देता येणार नाही. दुकान शुक्रवारी दुपारी बंद असते, आणि नावासाठी रंगारी हवा असेल तर एकच्या आत जावे.