कुडाळजवळच्या गावठी कोंबडीवाल्या काकांकडून कोंबडा आणला, त्याचा अनुभव

मागच्या पावसाआधी आठवडी बाजारात एका टेम्पोवाल्याकडून चार तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या) घेतल्या आणि आल्या आल्या आमच्या कोंबड्यांत सोडल्या. आठवड्याभरात हिरवी हगवण, मान वाकडी, सतरातल्या अकरा गेल्या. मानमोडीच, म्हणजे राणीखेत रोग. आईने हातावर वाढवलेल्या होत्या त्या, फार वाईट वाटलं.

म्हणून यावेळी कुडाळजवळ एका काकांकडे गेलो. ते आधी विकायला तयारच नाहीत, पहिला प्रश्न, तुमचो कोंबडो किती वर्षां तोच? म्हटलं चार. म्हणाले मग त्याच्याच लेकी त्याच्याखाली, अंडी फुटणार कशी, आणि खरंच आमच्याकडे १२ अंड्यांवर कोंबडी खुडूक बसवली की पाच-सहाच पिल्लं निघत होती!

मला एक लालभडक तुऱ्याचा मोठा कोंबडा आवडला होता. काका म्हणाले, "हो कोंबो दिसाक बरो, पण पावसात दोनदा घुरघुरलो. तुमका देवचंय नाय." रात्री दिवे मालवले की ते खुराड्यापाशी उभे राहून ऐकतात, ज्याचा घसा वाजतो त्याच्या पायात दोरा बांधतात, त्याची अंडी उबवायला ठेवत नाहीत. सर्दीचा तो सीआरडी (कोंबड्यांचा श्वासाचा जुनाट रोग) औषधाने बरा झालेला दिसला तरी जंतू आत राहतात आणि अंड्यातून पिल्लात उतरतात, हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना नाही म्हणणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला.

मग दुसरा दाखवला, छातीचं हाड सरळ, बोटं सरळ, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या गोल, हे सगळं माझा हात धरून चाचपायला लावलं. त्याची आईपण दाखवली. वहीत मानमोडीच्या दोन्ही लसी लिहिलेल्या, लासोटा सातव्या दिवशी, आर टू बी आठव्या आठवड्यात.

कोंबडा ९०० ला पडला, बाजारापेक्षा महाग आहे. तलंगांसाठी दोन महिने थांबायला लावलंय तेपण जरा जास्तच वाटलं. घरी आणून ३० दिवस आंब्याखाली वेगळ्या खुराड्यात ठेवला, मग सहा कोंबड्यांत सोडला. परवा २१ व्या दिवशी १२ अंड्यांतून १० पिल्लं निघाली, आई सकाळपासून तिथेच बसून होती.

जाणार असाल तर आधी फोन करा आणि डालगं (कोंबडी न्यायची टोपली) घरूनच न्या, पण बाहेरचं डालगं ते आत आणू देत नाहीत, गेटाबाहेरच ठेवायचं.